अर्धी गाडी साफ, अर्धी धुरकट : लातूरच्या एका वॉशिंग सेंटरचं प्रकरण

दसऱ्याच्या आधीचे दिवस म्हणजे लातूरच्या वॉशिंग सेंटरवाल्यांची सुगी. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा तर त्याआधी ती चमकली पाहिजे, हा प्रत्येकाचा हट्ट. रिंग रोडलगतच्या एका सेंटरवर याच गर्दीत एका क्लासवाल्या सरांची काळी एसयूव्ही आली. काम साधं होतं : फोम वॉश, पुसणं आणि हातानं पेस्ट वॅक्स. संध्याकाळी गाडी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर ती घेऊन परत दारात उभे. ड्रायव्हरची बाजू आणि त्या बाजूचं अर्धं बॉनेट धुरकट दिसत होतं. बोट फिरवलं की चिकट लागायचं आणि माग उमटायचा. उन्हात तिरपं पाहिलं की बारीक रेघांचं जाळं. दुसरी बाजू मात्र एकदम साफ.

सर चिडलेले नव्हते, पण त्यांनी विचारलेला प्रश्न मालकांना झोंबला : "पैसे अर्ध्याच गाडीचे घेतले होते का?"

मालकांचा निकाल तयार होता. "भाऊ, वॅक्सचा डबाच बोगस हाय. त्या सप्लायरला आता सोडत नसतो मी." उरलेले डबे खोक्यात भरून परत पाठवायची तयारीही झाली होती. मी गाड्यांच्या रंगकामातला माणूस आणि मालकांशी जुनी ओळख, म्हणून खोकं बांधायच्या आधी मला बोलावणं आलं.

डबा सुटला तो कसा

वॅक्स नकली असतं तर ते दोन्ही बाजूंना नकली असतं. इथेच अर्धं प्रकरण मिटलं. गाडी एक, डबा एक, पाणी एकच, शेडची सावली दोन्हीकडे सारखी. घाईत दोन पोरं दोन बाजूंना लावली होती, एवढाच फरक. मग दोघांच्या हातात काय होतं ते विचारलं. डावीकडच्या पोरानं डब्यासोबत आलेलं, वॅक्स लावायचं फोमचं नवं कोरं पॅड फोडलं होतं. उजवीकडच्यानं धुऊन वाळवलेल्या ढिगातलं एक उचललं होतं.

हाताचा दोष असेल का, हेही पाहावं लागतं. जास्त वॅक्स थापलं आणि ते नीट न वाळता पुसलं तर धुरकटपणा येतो, चिकटपणाही येतो. पण जास्त वॅक्सनं रेघा पडत नाहीत. रेघेला खडा लागतो. शिवाय सरांच्या गाडीवर रेघा आधी नव्हत्याच असं कुणी म्हणू नये. रोज सकाळी ड्रायव्हर कोरड्या कपड्यानं गाडी पुसतो तिथे त्या असतातच, डाव्या बाजूलाही होत्या. पण त्या जुन्या रेघा सगळ्या दिशांना विखुरलेल्या होत्या. उजवीकडच्या नव्या रेघा मोबाईलच्या टॉर्चखाली वेगळ्या ओळखू आल्या. झुपक्या-झुपक्यानं, हात जसा वळला तशा कमानीत, आणि झुपक्याची रुंदी बरोबर पॅडाएवढी. टॉर्च पुढे-मागे सरकवत पाहणं गरजेचं असतं. एका जागी धरला तर कुठल्याही दिशेच्या रेघा दिव्याभोवती गोलच भासतात आणि फसगत होते.

ढीग

पॅडं कुठे वाळतात म्हणून विचारलं, तर पोरानं रस्त्याच्या बाजूची कंपाउंडची भिंत दाखवली. भिंतीच्या माथ्यावर तळहाताएवढी गोल पिवळी पॅडं ओळीनं मांडलेली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून काहींवर खडा ठेवलेला. भिंतीपलीकडून मुरमाचे टिप्पर आणि ट्रॅक्टर जात होते. ऑक्टोबर हीटच्या उन्हात पॅडांची वरची बाजू पिवळ्याची तपकिरी झाली होती. नखानं दाबलं की भुगा निघत होता.

एक पॅड उचललं. स्टीलच्या पांढऱ्या तळाच्या तांब्यात कोमट पाणी घेतलं, पॅड त्यात बुडवून पाच-सहा वेळा दाबलं आणि पाणी तसंच ठेवून दिलं. आधी पाणी दुधाळ झालं आणि वर फेस आला. म्हणजे आत साबण शिल्लक होता. फेस बसल्यावर पाण्यावर तेलकट इंद्रधनुषी पापुद्रा दिसला. आणि थोड्या वेळानं तळाला काळसर गाळ. तो अंगठा आणि तर्जनीत चोळला तर करकरला. मालकांनाही चोळायला लावला, ते एकदम गप्प झाले.

खात्रीसाठी जुनी सीडी मागवली. सीडीची चकचकीत बाजू मऊ प्लॅस्टिकची असते, त्यामुळे तिच्यावर पॅड हलकं फिरवलं की पॅडात काय आहे ते लगेच कळतं. नव्या पॅडानं काही झालं नाही. ढिगातल्या पॅडानं दोन फेऱ्यांत रेघा उमटल्या. घरी एखादी निकामी सीडी असेल तर फेकू नका, पॅड काय आणि मायक्रोफायबर कापड काय, दोन्ही तपासायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

धुण्यात कसूर नव्हती

मालक पोरावर घसरले. "कामून रे, धूत नव्हता का तू?"

"धुतो की मालक. रोज वडीनं घासून घासून धुतो, पार फेस येईपर्यंत."

पोरगं खरं बोलत होतं. पॅडं धुण्यात त्यानं आळस केलेला नव्हता. उलट सेंटरमधला सगळ्यात कष्टाळू तोच. धुण्यातूनच घाण आत गेली होती, आणि ती एका वाटेनं नाही.

पहिली वाट वडीची. कपडे धुवायच्या डिटर्जंटच्या वडीत मळ काढणारं द्रव्य काही भाग असतं, बाकी सोडा आणि वडीला घट्टपणा व वजन देणारी कॅल्साइट किंवा चिनी मातीसारखी भर असते. सुती शर्टातून ती खळबळून निघून जाते. फोमचं तसं नाही. हा फोम पॉलियुरेथेनचा, एकमेकांत उघडणाऱ्या बारीक पोकळ्यांचा. वडी घासली की भर त्या पोकळ्यांत ढकलली जाते आणि तिथेच बसते. पांढरी पूड आणि उरलेला साबण वॅक्ससोबत गाडीवर आला की वॅक्सचा थर सलग बसत नाही, धब्बे पडतात. धुरकटपणाचं एक कारण हे.

दुसरी वाट बोअरच्या पाण्याची. मराठवाड्याचा हा भाग काळ्या पत्थराचा, त्या खडकातून येणारं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे याच जडपणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं ते मानक म्हणतं. सेंटरवाल्यांकडे टीडीएस मीटर होतं, पण ते सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा आकडा देतं, त्यातला जडपणा किती ते सांगत नाही. साधी चाचणी केली. एका बाटलीत बोअरचं आणि एका बाटलीत आरओच्या जारचं पाणी घेतलं, दोन्हींत अंगाच्या साबणाची एकसारखी चिमूट टाकून हलवलं. जारच्या पाण्यावर फेस उभा राहिला. बोअरच्या बाटलीत वर पांढरी साय तरंगली. डिटर्जंटची साबणाइतकी साय होत नाही, पण त्याचाही बराच जोर कॅल्शियम-मॅग्नेशियम खाऊन टाकतं. म्हणून पोरगं जास्त वडी घासायचं, आणि जास्त वडी म्हणजे जास्त भर.

तिसरी वाट भिंतीची. ओलं पॅड रस्त्याकडेच्या वाऱ्यात ठेवणं म्हणजे धूळ धरायला सापळा लावणं. इथली धूळ नुसती काळी माती नाही, तीत खडीचा, मुरमाचा चुरा असतो. काळ्या पत्थरातली खनिजं कठीणपणाच्या मोह्‌स मापावर साधारण ५ ते ६ च्या घरातली, वाळूतलं क्वार्ट्‌झ ७. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, याहून कितीतरी मऊ. रेघा आल्या त्या इथून. आणि ऊन पॉलियुरेथेनचा शत्रूच, म्हणून तो भुगा.

पाण्यावरचा तेलकट पापुद्रा राहिला होता. तो वॅक्सचा थोडा, टायर पॉलिशचा जास्त. टायरला लावायची पॅडंही पिवळी, गोल, त्याच मापाची, आणि सगळी एकाच बादलीत भिजायची. बहुतेक टायर पॉलिशमध्ये सिलिकॉनचं तेल असतं, ते एका पॅडातून पाण्यात आणि पाण्यातून बाकीच्यांत जातं. बोटाला लागणारी चिकट बाजू या तेलाची. माझ्या धंद्यात तर या तेलाची धास्तीच आहे. रंग मारायच्या पत्र्यावर त्याचा अंश राहिला तरी ताजा रंग तिथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. त्यामुळे रंगकामाच्या शेजारी टायर पॉलिश मारणाऱ्याला आम्ही उभं करत नाही.

एकच बादली का, याचं उत्तर लातूरकराला विचारायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे शहर. धरण भरलं तरी ती सवय जात नाही, आणि जाऊही नये. पण बादली वाचवताना पॅडं वेगळी ठेवता येतात, हे कुणी त्या पोराला सांगितलेलं नव्हतं.

सरांची गाडी

हे काम थोडक्यात सांगतो. उजवी बाजू पुन्हा धुतली, आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसून घेतली, म्हणजे वॅक्स, तेल, साबण सगळं उतरलं. मग मऊ फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन ड्युअल ॲक्शन मशीननं हलकी फेरी. रबिंग मारायचा, म्हणजे खरखरीत पेस्टनं घासून काढायचा, मोह मालकांना होत होता, मी अडवलं. कारखान्यातला क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ, आणि प्रत्येक रबिंग त्यातला काही भाग कायमचा खाते. बहुतेक रेघा गेल्या. बॉनेटवरच्या दोन खोल होत्या, त्या तशाच ठेवल्या आणि सरांना दाखवून सांगितलं. नव्या पॅडानं पुन्हा वॅक्स लावलं, त्याच 'बोगस' डब्यातलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

आता पॅडं कशी धुतली जातात

धुण्याची सुरुवात वॅक्स लावतानाच होते. पॅड कोरडं ठणठणीत न वापरता किंचित ओलसर करून पिळून घेतलं की ते वॅक्स कमी पितं. वॅक्सही डब्यावर हलकं एकदा फिरवून घ्यायचं, खरवडून नाही. आत गेलंच नाही ते काढावंही लागत नाही.

काम झालं की पॅडावरचं जास्तीचं वॅक्स आईस्क्रीमच्या लाकडी काडीनं निपटून घेतात आणि पॅड लगेच झाकणाच्या डब्यात, साबणाच्या पाण्यात टाकतात. वाळू द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. पेस्ट वॅक्समधला पातळ करणारा द्रव उडून गेला की उरतं ते घट्ट मेण. कार्नोबा मेण, ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं, ८२ ते ८६ अंशांना वितळतं. इतक्या गरम पाण्यात हात घालता येत नाही आणि फोमही टिकत नाही, दोन थर चिकटवलेलं पॅड असेल तर थर सुटतात. म्हणून वितळवण्याच्या भानगडीत न पडता भिजवून सोडवायचं. पाणी हाताला सोसेल इतकं गरम, त्यात भांडी घासायचं लिक्विड किंवा सेंटरमध्ये असतंच ते ऑल पर्पज क्लीनर, एकास दहाच्या प्रमाणात. अर्धा तास भिजवलं की बहुतेक वॅक्स फुगून सैल होतं.

मग तळहातांमध्ये दाबायचं आणि सोडायचं. पिळा द्यायचा नाही. पिळ्यानं पोकळ्यांच्या भिंती फाटतात, पॅड एका बाजूला ढिलं पडतं आणि पुढच्या वेळी वॅक्स तिथे जास्त पितं. कडेला मेण अडकलं असेल तर जुन्या मऊ टूथब्रशनं, तोही एकाच दिशेनं. कपडे मऊ करायचं कंडिशनर वापरू नये, त्याचा थर आत राहतो. कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकणं तर नकोच, कपड्यांची तंतू-धूळ सगळी फोममध्ये येते.

खळबळण्यासाठी धो-धो पाणी लागत नाही. तीन डबे ठेवले आहेत. पहिल्या दोनांत बोअरचं, तिसऱ्यात जारचं पाणी. पॅड पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिसऱ्यात दाबल्यावर फेस आला तर परत मागे. सगळी पॅडं झाली की पहिल्या डब्याचं पाणी टाकतात आणि दुसऱ्याचा डबा उद्याचा पहिला होतो. ऑफिसात एसी आहे, त्याच्या नळीचं पाणी आता कॅनमध्ये धरतात. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं ते पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात, शेवटच्या खळबळीला उत्तम. जारचा खर्चही वाचला.

वाळवायला भिंत बंद. पॅड कोरड्या मायक्रोफायबरमध्ये दाबून निम्मं पाणी काढतात आणि कांदे-बटाट्याच्या धुतलेल्या जाळीदार पिशवीत घालून आतल्या खोलीत पंख्याखाली टांगतात. पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरायचं नाही. पावसाळ्यात घाई केली तर कुबट वास येतो आणि काळे ठिपके धरतात. असं पॅड पुन्हा धुऊन काही उपयोग नाही, टाकून द्यावं.

आणि ओळख. टायरच्या पॅडांचा एक कोपरा कापून टाकला. गोल पॅडाला कोपरा कुठला, असं पोरानं विचारलं, म्हणून एका कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा. अंधारातही हाताला कळतो. पॉलिशच्या पॅडांना मागून मार्करची फुली, वॅक्सची विनाखुणेची. टायरवालं पॅड दुसऱ्या रंगाच्या डब्यात धुतलं जातं, आणि पुन्हा कधीही रंगावर येत नाही. ते केरोसिननं धुवायची जुनी पद्धतही थांबवली. केरोसिननं फोम फुगून सैल होतो, वास जात नाही, आणि सेंटरच्या शेडमध्ये ते ठेवणं धोक्याचं ते वेगळंच.

जे धुऊ नये ते

सिरॅमिक कोटिंगचं पॅड किंवा कापड धुवायला घ्यायचंच नाही. त्यातलं सिलिकायुक्त द्रव्य सुकल्यावर कडक होतं, मग तोच फोम खडबडीत होतो. एकदा वापर आणि कचऱ्यात. सिंथेटिक सीलंटचं पॅड त्याच तासाभरात धुतलं तर धुतलं. सीलंटमधली पॉलिमर एकदा आपसात जुळून बसली की भांड्यांचं लिक्विड त्यांचं काही करू शकत नाही.

मालकांनी एक नेमका प्रश्न विचारला : इतकं करायचं त्यापेक्षा न धुतलेलं काय वाईट? माझं मत, ज्याच्या घरी एकच गाडी आणि एकच वॅक्स आहे त्यानं पॅड दर वेळी धुऊच नये. पॅडात राहिलेलं वॅक्स हे वॅक्सच आहे, ते गाडीला बोचत नाही. जमिनीवर पडलं नसेल, गाडी नीट धुतलेली असेल, तर ते झिपच्या पिशवीत घालून डब्यासोबत ठेवावं आणि कडक व्हायला लागलं की धुवावं. वडीनं धुऊन भिंतीवर वाळवलेल्या पॅडापेक्षा हे पॅड केव्हाही बरं. जमिनीवर पडलेलं पॅड मात्र धुतलेलं असो की नसो, रंगाला लावू नये. सेंटरचं गणित वेगळं, तिथे एकाच दिवसात दहा गाड्यांची धूळ एका पॅडात जमते.

हिशेबही मांडून पाहिला. साधं पॅड तीस ते साठ रुपयांना मिळतं. पोराचा वेळ धरला तर एखाद-दुसरं पॅड धुणं परवडतच नाही, डबे लावून एकदम ढीग धुतला तरच परवडतं. म्हणून आता दिवसभराची पॅडं जमवून संध्याकाळी एकदाच धुतात. कड फाटली, दाबल्यावर पुन्हा फुगेनासं झालं किंवा तांब्यातल्या पाण्यात भुगा दिसला की ते पॅड रंगावरून उतरतं. त्याची कड कापली की टायरला, आणि तिथूनही गेलं की चाकांच्या आतल्या बाजूला.

भरलेलं खोकं पुन्हा उघडलं. सप्लायरला केलेला फोन मालकांनी दुसऱ्या दिवशी हसत हसत मागे घेतला, पण जुन्या डब्यांवर सूट मागायला ते विसरले नाहीत. वडी अजून सेंटरच्या नळाजवळ असते. पोराचे शर्ट धुवायला.